माझ्या गळ्याची शपथ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माझ्यासोबत काम करणाऱ्या बायांनाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. सांगतेय, एवढंच.

घरात मार खाल्लेल्या बायांसाठी मी काम करते. भिंगारच्या घरातून सकाळी निघते, ती कधी पोलीस ठाण्यात, कधी कोर्टात, कधी कुणाच्या माहेरच्या ओट्यावर. सगळे मला ताई म्हणतात. माझ्या शब्दाला वजन आहे — आणि ते मला आवडतं, हेही सांगून टाकते. भाषणात मी ठणकावते, बाईला तिच्या मनाविरुद्ध नांदायला पाठवू नका. टाळ्या पडतात. नेमकी तेव्हाच मला मंदा आठवते.

मंदा पाथर्डीकडची. नवरा दारू पिऊन मारायचा, म्हणून लेकीला घेऊन माहेरी आलेली. तिला धीर मीच दिला होता. परत जायचं नाही, हेही मीच तिच्याकडून वदवून घेतलं होतं. मग ऊसतोडीचे दिवस आले. तिकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या पुरुषाला कोण नेणार? आणि तिचा नवरा ज्या टोळीत जायचा, तिचा मुकादम — येतेच मुद्द्यावर — माझा सख्खा भाऊ होता. ट्रक निघायला आला होता आणि त्याला एक कोयता कमी पडत होता.

भावाने मला धमकावलं का? छे! नुसतं म्हणाला, "आक्का, तुझं ऐकंल ती. बोलून तर बघ." आणि मी गेले. त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसून गेले.

मंदा म्हणाली, "न्हाई जायचं मला." तेव्हा मी — मी तिला सांगितलं, की त्याने दारू सोडलीय. पुन्हा हात उचलणार नाही, अशी माझ्या गळ्याची शपथ घेतलीय त्याने, माझ्यासमोर.

त्या माणसाला मी भेटलेसुद्धा नव्हते.

अशी शपथ मोडली, तर जिच्या गळ्याची घेतली तिचंच बरंवाईट होतं, असं आमच्याकडे मानतात. मग एवढी मोठी शपथ कोण खोटी सांगेल? — आणि तीही ताई? तिने मुकाट्याने कपडे बांधले. ओटीसुद्धा मीच भरली तिची.

कोल्हारकडच्या फडात त्याने तिला उसानेच बडवलं. डावा कान कायमचा गेला. मला कळलं तेव्हा ती नगरला दवाखान्यात होती. जाताना मनाशी ठरवलं होतं, ती काय बोलेल ते ऐकून घ्यायचं. शिव्या दिल्या तरी.

मला बघताच ती धडपडत उठून बसली. माझा हात घट्ट धरला. "ताई, शप्पथ मोडली वो त्यानं. मला लई भ्या वाटत हुतं. तुमाला काय झालं तर न्हाई ना?"

निदान तेव्हा तरी खरं बोलायला नको होतं का? तोंड उघडलंही मी. म्हणाले, "नाही गं. मी बरी आहे."

फार वाईट वाटलं त्या दिवशी. पण वाईट वाटून गप्पच बसले.

मंदा आता माहेरीच असते. माझ्यावरचं अरिष्ट टळावं म्हणून तेव्हापासून मंगळवारचा उपवास धरते. तो सोड, असं मी तिला अजून सांगितलेलं नाही.