राबाची आग

वेल्ह्याला एसटीत चढले तेव्हा बाबांनी खिडकीतून एक गठ्ठा आत सरकवला. धरणग्रस्तांच्या मोर्चाची उरलेली पत्रकं. "मागची बाजू कोरी हाय. पुण्यात कागद इकत घिऊ नगं." मी अक्षरं शिकले तीही असल्याच पत्रकांवर.

त्या कोऱ्या बाजूंवर मी मुलांसाठी पहिली ऐतिहासिक कादंबरी लिहिली. राजगडाच्या पायथ्याची, आपल्या गुंजवण्यातली एक मुलगी. पहिल्याच प्रकरणात ती आईबरोबर राब भाजते. भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर शेण, पालापाचोळा पसरून आपण अजूनही जाळतो, तसाच.

पुस्तक छापून आलं आणि त्या पानावर शत्रूने गाव पेटवलं होतं. मला न विचारता. मुलगी राखेत उभी राहून सुडाची शपथ घेत होती. प्रकाशक हसले. "अहो मॅडम, पाचोळा जळला तर मुलं पान उलटत नाहीत. घरं जळायला हवीत." तिसरी-चौथीच्या पोरांना त्यांना वैर विकायचं होतं, आणि त्यासाठी माझ्या आईची आग वापरायची होती.

त्यांचा राग आहेच. तुमचा, गाववाल्यांचा, जास्त आहे. तुम्ही माझा सत्कार ठेवलात, तेच पान माईकवर वाचलंत, टाळ्या पिटल्यात. त्याच आठवड्यात राब भाजलेल्या हातांनी! मी उठून म्हणाले, हे मी लिहिलेलं नाही. तर सरपंच म्हणाले, "आगं बस की खाली. पोरास्नी जोश येतुय, तुजं काय जातंय?"

उद्या हीच पोरं शेजाऱ्याच्या घराकडे काडी हातात घेऊन बघतील. ते जातंय.

घरी बाबांनी एवढंच विचारलं, "पत्रकात चूक झाली तर आपुन काय करायचो?"

दारोदार जाऊन परत घ्यायचो. दुरुस्त करून पुन्हा वाटायचो.

माझं मूळ पान परत घाला, असं मी प्रकाशकांना लिहिलं. "दुसरी आवृत्ती तशीच निघेल, नाहीतर तुमचं पुढचं पुस्तक विसरा," असं त्यांनी कळवलं. मी विसरले. आता पुण्यात शिकवण्या घेते, आणि रविवारी खळीचा डबा आणि माझ्या मूळ पानाच्या झेरॉक्स घेऊन गावात येते. तुमच्या प्रतींमधल्या त्या पानावर माझं पान चिकटवते. "आली बगा पत्रकवाली," असं म्हणत काकूसुद्धा दार लावून घेते.

लावा. पुण्यात कुणी दार लावलं की मी जिना उतरते. इथे ओट्यावर बसून राहते. घर म्हणून आता माझ्याकडे एवढाच हक्क उरलाय, आणि तो मी सोडणार नाही.