एड्रियानोपलचं घोडदळ

माझा मित्र अविनाश गेल्या नोव्हेंबरात, एका शुक्रवारी सकाळी सव्वासातला हॉस्पिटलमध्ये वारला. वय त्रेचाळीस. कारण आतड्याचा कॅन्सर. निदान आणि मृत्यू यांत पाच आठवडे होते.

तो मूळ पुण्याचा. नोकरी इंग्लंडात, ब्रॅकनेलला, सॉफ्टवेअरमध्ये. मेडनहेडच्या घरी त्याचं अर्धं जेवणाचं टेबल एड्रियानोपलच्या लढाईने अडवलेलं असे. इसवी सन ३७८, नऊ ऑगस्ट. पुतण्याची कुमक वाटेत असताना रोमन सम्राट तिच्यासाठी न थांबता गॉथ टोळ्यांवर चालून गेला. चारा आणायला गेलेलं गॉथांचं घोडदळ ऐन वेळी परतलं. सम्राट आणि त्याचं बहुतेक सैन्य संपलं. दर रविवारी अविनाश शिशाचे सैनिक मांडायचा. घोडदळ मात्र बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. ते शेवटी निघायचं. "थांबला नाही, गाढव," तो म्हणायचा. अकरा वर्षांची सई चिडवायची, "बाबा, तो थांबला असता तर तुझा संडे बोअर झाला असता."

२००६च्या जानेवारीत शौचातून रक्त जाऊ लागलं. जीपीने, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरने, स्कॅनसाठी हॉस्पिटलला लिहिलं. दारातलं टपाल अविनाशच उचलायचा. त्याची बायको मेधा रोज विचारायची, "पत्र आलं का रे?"

"नाही गं. इथे रांग असते. थांबायला शीक."

त्याचं वर्क परमिट कंपनीच्या नावावर होतं. मोठी रजा पडली तर कंपनी काढून टाकेल आणि देश सोडावा लागेल, ही धास्ती. जुलैत परमिटवर चार वर्षं भरली की कायम राहण्यासाठी अर्ज करता येणार होता. एप्रिलमध्ये नियम बदलला. चारची पाच वर्षं झाली.

त्यानंतरच्या रविवारी मी गेलो. त्याची पँट कमरेला सैल झाली होती. सैनिक मांडून झाले, घोडदळ निघेना. मी डब्याला हात लावला, तर त्याने झाकण दाबून धरलं.

"राहू दे... शेवट माहीतच आहे."

"लेका, हॉस्पिटलला फोन कर."

"केलाय. कळवतो म्हणाले."

मी विश्वास ठेवला. उन्हाळाभर रोमन फौज टेबलावर तशीच उभी होती. ऑक्टोबरमध्ये तो ऑफिसात कोसळला.

डिसेंबरात मेधा टेबल आवरायला लागली, तेव्हा सई आडवी आली. "आई, बाबाची लढाई आहे ती. नको काढू." टेबल तसंच आहे. फक्त डबा मेधाने उघडला. घोड्यांच्या खाली हॉस्पिटलचं पत्र होतं, फोडून पुन्हा घडी घातलेलं. स्कॅनची तारीख १४ मार्च होती.