रिपीटरचा रकाना

मी पदवीधर झालो तो माझ्या वहिनीमुळे. एकोडीच्या आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. दहावीनंतर मी धानाच्या कामाला लागायचं हे जवळजवळ ठरलं होतं. तेव्हा वहिनींच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. सासऱ्यांसमोर एरवी त्या बोलत नसत. त्या दिवशी मात्र पदर सावरत म्हणाल्या की भाऊजींचा सायन्सचा फॉर्म मी भरते. त्या स्वतः बारावी पास. पुढे पाच वर्षं माझ्या प्रत्येक फॉर्मवर, दाखल्यावर त्यांची नजर फिरल्याशिवाय तो घराबाहेर गेला नाही. एक फॉर्म सोडून. हे लिहितो आहे ते त्या एका फॉर्मबद्दल.

साकोलीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या तिसऱ्या सेमिस्टरला मी भौतिक रसायनशास्त्रात नापास झालो. शाळा मराठीतून झालेली, इथे पुस्तक इंग्रजी आणि शिकवणं त्या पुस्तकाचं मोठ्याने वाचन. मी पाठ केलं ते लिहिलं आणि प्रश्न वेगळेच होते. नापास झाल्याचं दुःख आठ दिवसांत ओसरलं असतं. पण आमच्या कॉलेजात नापासांची यादी लाल शाईने बोर्डावर लागायची आणि पुढच्या परीक्षेपर्यंत तशीच राहायची. प्रयोगशाळेत सर आधी सगळ्यांची हजेरी घेत आणि मग वही मिटता मिटता म्हणत, "चला, आता रिपीटर." मागच्या बाकावरून कोणीतरी हसायचं. तो आवाज आठवला की आजही माझे कान तापतात. एका विषयात कमी पडलेल्या मुलाला सहा महिने रोज उभं करून काय शिकवायचं होतं या माणसांना?

घरी निकालपत्र वहिनींनी अंगणातल्या बाजेवर पसरलं. मी त्यांना समजावू लागलो की प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट असतात, मिळालेल्या ग्रेडचा अंक क्रेडिटने गुणायचा, सगळी बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. नापास विषयाचा ग्रेड शून्य, पण त्याचे चार क्रेडिट भागाकारात उभेच. त्यांनी त्या चार क्रेडिटवर बोट ठेवलं.

"म्हंजे क्रेडिट म्हंजे शेतातली बांधी केवढी आहे ते," त्या म्हणाल्या. "अन् ग्रेड म्हंजे तिच्यात धान कसा झाला ते. तुमची चारची बांधी कोरडी गेली."

कॉलेजात हे इतकं सरळ मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुन्हा परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन होता. साकोलीला बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत मी एकटाच गेलो, कारण त्या आठवड्यात धानाच्या पऱ्यांची, म्हणजे रोपांची, रोवणी चालू होती आणि वहिनी सकाळपासून चिखलात होत्या. कॅफेवाल्याने स्क्रीनकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "रेग्युलर का रिपीटर?" माझ्या मागे आमच्याच गावच्या दोन मुली उभ्या होत्या. मी म्हणालो, रेग्युलर. त्याने त्या रकान्यात खूण केली. प्रिंट मी कॉलेजात दिली, कार्यालयातल्या बाबूंनी न वाचता शिक्का मारला, आणि मी सुटलो असं मला वाटलं.

परीक्षेत मला त्या विषयात सात अंकांचा ग्रेड मिळाला. शेवटच्या सेमिस्टरपर्यंत सगळं ठीक होतं. नागपूरला एम.एस्सी.साठी माझं नाव यादीत लागलं होतं, अट एवढीच की एकूण सीजीपीए सहा हवा आणि पंधरा दिवसांत अंतिम निकालपत्र हवं. माझ्या हिशेबाने १२० क्रेडिटवर ७३० गुण होते, म्हणजे ६.०८. निकालपत्र हातात आलं त्यावर होतं ५.८९.

कारण एका नजरेत कळलं. भौतिक रसायनशास्त्र दोन ओळींवर छापलं होतं. एका ओळीवर शून्य, एका ओळीवर सात. मी रेग्युलर लिहिल्यामुळे तो विषय जादा विषय म्हणून चढला, आणि भागाकार १२० ऐवजी १२४ ने झाला. नियम असा नव्हता. पुन्हा देऊन पास झालात की जुना शून्य निघतो आणि नवा ग्रेड त्याच्या जागी बसतो. हे मी नियमपुस्तिकेतून शोधून काढलं. ती पुस्तिका तीन वर्षांत एकाही शिक्षकाने वर्गात उघडली नव्हती.

वहिनींना मी आकड्यांची चूक दाखवली. ती कशामुळे झाली ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर कॉलेजात आल्या.

खिडकीमागच्या बाबूंनी निकालपत्र बघायलाच वेळ घेतला. मग म्हणाले की हे विद्यापीठाचं सॉफ्टवेअर करते, आपल्या हातात काही नाही, आणि रिपीटरचं असंच राहते.

"असंच काहून राहते जी?" वहिनी म्हणाल्या. "एका बांधीत परे सडले, आम्ही त्याच बांधीत दुसऱ्यांदा टाकले. तर बांधी दोन झाल्या काय?"

बाबूंनी मान वर केली. "बाई, हे धानाचं नाही, डिग्रीचं काम आहे."

"धानाचं असतं तर तुमाले विचारलंच नसतं."

रांगेतली पोरं हसली. बाबू चिडून उठले, कपाटातून फाइल काढली, माझा फॉर्म शोधला आणि खिडकीतून समोर धरला. "हे पहा. तुमच्या पोरानंच रेग्युलर लिहिलं. आता बोला."

वहिनींनी फॉर्म नीट वाचला. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, हे तुमी लिवलं?"

मी म्हणालो, "नाही. मी कॅफेवाल्याला रिपीटर सांगितलं होतं."

"आमचे भाऊजी लबाड नाही बोलत," वहिनी खिडकीकडे बघत म्हणाल्या. "अन् शिक्का तुमचा आहे. वाचून मारला होता काय?"

बाबूंनी तो वाचून मारला नव्हता. वहिनी तिथून थेट प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्यांनी बाबूंना बोलावून घेतलं आणि आमच्यासमोर खूप बोलले. कार्यालयाच्या नजरचुकीने असं झालं, असं बाबूंनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं. लिहिताना त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. ते पत्र विद्यापीठाला गेलं. मुदत संपायला दोन दिवस असताना ६.०८ चं निकालपत्र आलं आणि नागपूरची जागा मला मिळाली.

माझा राग तेव्हापासून आहे. त्या बाबूवर आहे, कारण तीन वर्षं त्याने आम्हाला माशीसारखं झटकलं. पण रेग्युलर मीच लिहिलं, हे त्या दिवशी त्याने सांगितलं ते खरं होतं. यादी लाल शाईने लिहिणाऱ्यांवर राग आहे. आणि माझ्यावर. नागपूरला आल्यावर पहिला महिना मी वर्गात बसायचो आणि मला फक्त खिडकीकडे तोंड करून उभ्या वहिनींची पाठ दिसायची.

घरचा फोन दादाजवळ असतो आणि आलेला निरोप सगळ्यांसमोर वाचला जातो. म्हणून मी पत्र लिहिलं, वहिनींच्या नावाने, पोस्टाने.

"वहिनी,

फॉर्ममध्ये रेग्युलर मीच सांगितलं होतं. कॅफेत आपल्या गावच्या पोरी उभ्या होत्या आणि मला रिपीटर म्हणायची लाज वाटली. तुम्ही खिडकीपाशी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि तुम्ही माझ्यासाठी शब्द दिला.

मला राग याचा येतो की खोटं बोलायची गरजच नव्हती. ते सात अंक माझे होते. चुकीचा रकाना भरला हे मी कबूल केलं असतं, तरी नियमाने तो शून्य काढावाच लागला असता. फार तर एक अर्ज जास्त लागला असता. जे हक्काचं होतं ते मी चोरून आणल्यासारखं आणलं आणि त्यात तुम्हाला ओढलं.

बाबूंना मी आजच वेगळं पत्र टाकलं आहे आणि त्याची प्रत प्राचार्यांना. जागा गेली तर जाईल. जाणार नाही असं वाटतं, कारण हिशेब बरोबर आहे.

तुम्ही रागावाल. रागावा. पण हे पत्र दादाला वाचायला देऊ नका असं मी म्हणणार नाही. तुम्हाला वाटेल ते करा.

तुमचा,
भाऊजी"