रेवणसिद्धप्पांचं नाव

उदगीरच्या त्या गल्लीत नाव घ्यावं तर गौरम्मानंच. बाकीच्या बायका नवऱ्याचं नाव म्हटलं की तोंडाला पदर लावायच्या. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर हजेरीचा कारकून या लाजण्यानं रडकुंडीला आला, तेव्हा हिनंच अख्ख्या रांगेचे नवरे धडाधड सांगून टाकले होते. स्वतःच्या रेवणसिद्धप्पांचं तर यमकात बसवून.

आता उस्मानाबाद जाऊन लातूर जिल्हा झाला होता, दुष्काळ मात्र तोच जुना. टँकर आला. पाणीवाला घरच्या कर्त्याचं नाव विचारून घागरी भरत होता. गौरम्मानं पदर खोचला नि ठसक्यात सुरू केलं, "आटली विहीर, आटला आड..."

आणि पुढं काहीच नाही. नवऱ्याचं टक्कल डोळ्यांपुढं होतं, कपाळावरचे विभूतीचे पट्टे होते, ताकात मीठ कमी पडलं की फुगणारे गाल होते. नाव तेवढं नव्हतं. जीभ टाळूला लागायची नि रिकामीच खाली यायची.

"म्हातारी लाजायली की," शेजारची लक्ष्मम्मा म्हणाली. रांग खिदळली. पाणीवालाही हसला. "असू दे अव्वा, घर ठावं हाय," म्हणून त्यानं दोन्ही घागरी भरल्या.

गौरम्माही हसली. न हसून करते काय? घागरी उचलून ती घराकडं निघाली. आधी वाटलं, उन्हानं असेल. मग वाटलं, जिल्हा बदलला तेव्हाही आपण कितीतरी दिवस उस्मानाबादच म्हणत होतो, तसंच हे. पण तेव्हा जुनं सुटत नव्हतं, आणि आता तर जुनंच सुटलं होतं. डोक्यात नुसता गुंता झाला.

घरी येऊन ती सुनेला म्हणाली, "रुद्राणी, तुझ्या सासऱ्याचं नाव तोंडात यीना गेलंय."

"या वयात कशाला लाजता, अव्वा?"

"लाजत न्हाई गं. खरंच यीना. तू तरी सांग."

"मी सासऱ्याचं नाव घेऊ व्हय?" रुद्राणीनं जीभ चावली नि चुलीकडं वळली.

ज्या रिवाजाची गौरम्मानं जन्मभर टर उडवली, तोच आता तिला झाकून टाकत होता. तिला झाकून घ्यायचं नव्हतं. तिला भीती वाटत होती. आज नाव गेलं, उद्या माणूसच डोक्यातून गेला तर?

शेवटी ती बाजेवर बसलेल्या नवऱ्यापुढं जाऊन बसली. "अहो, हसू नका. तुमचं नाव काय हो?"

ते हसलेच. "पन्नास वर्सं दवंडी पिटलीस, आन आता मलाच इचारतीस? रेवणसिद्ध."

"रेवणसिद्ध," ती हळूच म्हणाली. पुन्हा म्हणाली. जिवात जीव आला. "आता माझं घ्या बघू. एकदा तरी."

म्हातारा खाकरला. तोंड उघडलं, मिटलं. "अगं..." एवढंच म्हणाला नि धोतराची किनार चाचपत बसला.

जन्मभर त्यांनी तिला अगंच म्हटलं होतं. आत्ताही लाजले असतील. गौरम्मानं त्यांचा हात हातात घेतला, आणि आपलं नाव त्यांना सांगावं की नाही, हे तिला कळेना.