खंडेनवमीला पुसले गेलेले नियम

दोन हजारच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचो. तिथलं सगळं इंटरनेट आधी पुण्याच्या एका कंपनीच्या चाळणीतून जायचं. व्हायरस, नको त्या साइट्स, मोठ्या फायली तिथंच अडायच्या. फक्त एक्स-रे आणि फोटोंना चाळणी वगळून थेट वाट दिलेली होती. थेट वाटेचे ते नियम माझ्या आधीच्या माणसानं दवाखान्यातल्या इंटरनेटच्या यंत्रात घातले, पण यंत्र बंद केलं तरी टिकतील असे साठवलेच नाहीत, आणि महाशय मोठ्या पगारावर निघून गेले. यंत्र बसवून वर्षही झालं नव्हतं, ते कधी बंद पडलं नव्हतं, त्यामुळं कुणाला पत्ता नव्हता.

तो पत्ता खंडेनवमीला लागला. त्या दिवशी आमच्याकडं पान्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते. मोठ्या सिस्टरांनी सगळी यंत्रं बंद करायला लावली, पुसून घेतली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. परत चालू केल्यावर हिरवे दिवे लागले. मीही पेढा खाल्ला.

दुपारी इचलकरंजीहून एक विणकर आला. पूजेसाठी माग पुसत असताना कुणीतरी बटण दाबलं आणि त्याची तीन बोटं तुटली. बायकोनं ती बर्फाच्या डब्यातून आणली होती. पुण्यातले एक सर्जन बोटं जोडायचे. पण जखमेचे फोटो बघितल्याशिवाय ते सणाला घरी गेलेली माणसं बोलावणार नव्हते. पुण्याला न्यायची गाडी दारात उभी होती.

फोटो निघायचे आणि अर्ध्यात अडकायचे. चाळणीवाल्या कंपनीत कुणी फोन उचलेना. जवळचे सायबर कॅफेही पूजा करून कुलूप लावून गेलेले. यंत्रात बघितलं तर थेट वाटेचा नियमच पुसला गेलेला. मी तो नव्यानं लिहिला. तरी अडलं. पुन्हा लिहिला. त्या पळालेल्या माणसाचा इतका राग येत होता की डोळ्यांत पाणी आलं.

दारातून विणकराची बायको म्हणाली, "पावणं, हुतंय न्हवं? उजवा हात हाय वो त्येंचा."

मग डोक्यात उजेड पडला. यंत्र नियम वरून खाली वाचतं आणि पहिला लागू पडला की तिथंच थांबतं. सगळं चाळणीकडं पाठवायचा नियम वर होता, माझा तळाशी. मी तो उचलून वर नेला, साठवला. फोटो गेले. बाहेर दिवेलागण झाली होती.

सर्जनचा फोन आला. आमच्या डॉक्टरांनी घेतला. फोन ठेवून सिस्टरांना हळूच म्हणाले, "दुपारी निघाले असते तर बघता आलं असतं म्हणतात. इथंच टाके घालू."

बाई बाहेर बाकावर होती, तिनं हे ऐकलं नव्हतं. मला बघून उठली.

"गेलं का फोटू?"

"गेले," मी म्हणालो.

"मग निघू की," असं म्हणत ती बर्फाचा डबा उचलायला वाकली.