गाठीची तार

वडनेरला बाबा डेक भाड्यानं द्यायचे. लग्न असो, भंडारा असो, आमच्याच स्पीकरच्या दोन पेट्या वाजायच्या. पुढे डीजेवाले आले आणि पेट्या कोठ्यात जाऊन पडल्या. अ‍ॅम्प्लिफायर उंदरांनी संपवला. मग बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं निघायचं, तेही ओढून.

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. बी.एस्सी., इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. हे मी सांगत सुटतो असं लोक म्हणतात. सांगतोच. बोलता येत होतं तेव्हा बाबा मात्र पाहुण्यांदेखत विचारायचे, "कॉलेजात फ्यूज बांधाले शिकवते का रे, का नुसतं लिहाले?" सगळे हसायचे. मीही हसायचो, पण ते मनात राहायचं. माझ्या हातचं काही पाहून त्यांनी एकदा मान डोलवावी, एवढंच मला हवं होतं. दुसरा झटका येऊ शकतो असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे थांबण्यात अर्थ नव्हता.

त्या पेट्यांसाठी नवा अ‍ॅम्प्लिफायर बनवायला घेतला. बाबांच्या खाटेशीच बसलो, जमिनीवर, त्यांना दिसेल असा. ४४४० चा आयसी, बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, थोडे कपॅसिटर. आयसी तापू नये म्हणून मागे जुन्या खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. सोल्डरिंग असं झालं की कॉलेजच्या सरांनीही नावं ठेवली नसती. पेट्यांच्या वायरी मात्र गबाळ्या होत्या. दोन्ही तारा पांढऱ्या आणि प्रत्येक पेटीच्या एका तारेच्या टोकाला गाठ. वायर निसटू नये म्हणून मारली असेल, असं मी धरून चाललो. गाठी कटरनं कापल्या, तुकडे खाटेच्या कडेला ठेवले, टोकं सोलली आणि जोडून टाकली.

फोनवरून गावच्या मंडळाचं खंजिरी भजन लावलं. वाजलं, पण पोकळ. ढोलकी म्हणजे कोणी पत्र्याच्या डब्यावर बोट मारावं तशी. सर्किट माझं होतं, तेव्हा दोष जुन्या पेट्यांचा, हे मी लगेच ठरवलं.

बाबांनी डावा हात उचलला. "गा... गा..."

"गाणं? बदलतो न, बाबा."

दुसरं लावलं. त्यांनी जोरात मान हलवली. "गा..." तिसरं लावलं. मग चौथं.

आई दारातून म्हणाली, "अरे बाबू, काऊन गाणे बदलून राह्यला? त्याईले गाणं नाई पायजे. दुसरं काई सांगून राह्यले ते."

"आई, तुले ह्यातलं काय समजते?"

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. यांना माझं काहीच पसंत पडत नाही, एवढंच मला कळलं. प्लग उपटला आणि सिंदी मेघेला, माझ्या भाड्याच्या खोलीवर निघून आलो.

पाचव्या दिवशी दुसरा झटका आला. मी पोहोचलो तेव्हा त्यांना खाटेवरून खाली घेतलेलं होतं.

तेरवी झाल्यावर आई त्यांची गादी उन्हात टाकत होती. उशीच्या खोळीतून काहीतरी पडलं.

"हे काय ठेवलं होतं त्याईनं?"

पांढऱ्या वायरचे दोन तुकडे. दोन गाठी.

मांडवाच्या गर्दीत, टेबलाखाली वाकून तारा जोडताना बाबा रंग कुठं पाहत बसणार? हात फिरवला की गाठ लागायची. गाठीची तार ती प्लस. दोन पेट्यांपैकी एक उलटी जोडली की एकीचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसरीचा मागे जातो, आणि दोघी एकमेकींचा आवाज खातात. हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. मार्कही चांगले पडले होते.

आत जाऊन एका पेटीच्या दोन तारांची अदलाबदल केली. तेच भजन लावलं. ढोलकी छातीत लागली. खाटेच्या उघड्या फळ्या थरथरल्या.

आई गादी तशीच टाकून आत आली. थोडा वेळ ऐकत उभी राहिली.

"आता बराबर वाजून राह्यलं. तवा काऊन नाई वाजलं?"

"तार उलटी लागली होती."

"मंग त्याईले तं समजलं असन. सांगतलं नाई का त्याईनं तुले?"

"सांगतलं होतं," मी म्हणालो.