एकलहऱ्याच्या गाडीतली देवी

एकलहऱ्याच्या सकाळच्या गाडीत दीपमालाच्या शेजारी मी बसायचे. बसायचे कसली, पहारा द्यायचे. ती खिडकीशी, मी मधल्या वाटेच्या बाजूला, आणि माझ्या खांद्यावर अख्खी गाडी. कोणाची पिशवी, कोणाचं पोर, कोणाची ढेरी, सगळं माझ्या अंगावर. तिच्यापर्यंत काही पोचू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. कोणी जास्तच रेललं की मी कोपर काढायचे. कंडक्टर मला ‘बंदोबस्तवाल्या बाई’ म्हणायचा. म्हणेना का!

मी साधना. नवरा थर्मल वीज केंद्रात कामाला, राहायला तिथल्याच कॉलनीत, आणि नाशिक शहरात शालिमारला एका कापडाच्या दुकानात साड्या दाखवायचं माझं काम. दिवसभर घड्या मोडायच्या, घड्या घालायच्या आणि गोड बोलायचं. तो सगळा गोडवा तिथेच संपायचा, त्यामुळे बाकी जगाच्या वाट्याला माझं हे असंच तोंड. दीपमाला एकलहरे गावातली. वडील नाहीत. आई चिमणाबाई मेथी-कोथिंबिरीचे चार वाफे करून नाशिक रोडच्या बाजारात विकायची. पोर बारावी झालेली, पंचविशीची, आणि शहरातल्या एका वाचनालयात जुन्या पुस्तकांना पुठ्ठे चढवायची. तिथे मागच्या खोलीत ती, खळ आणि पुस्तकं. पंखासुद्धा ती बंद ठेवायची. त्या खोलीबद्दल बोलायला लागली की तिचा चेहरा असा उजळायचा, बाकीच्या पोरींचा लग्न ठरल्यावर उजळतो तसा.

पण त्या खोलीपर्यंत जायचं कशानं? गाडीनं. आणि गाडी म्हणजे तिचा जीव घेणारी वस्तू.

आता तुम्ही म्हणाल, गर्दीचा त्रास कोणाला होत नाही? मीही तिला पहिल्यांदा तेच म्हणाले होते. तेव्हा ती म्हणाली, “ताई, तुम्हाला आवाज एकामागून एक ऐकू येतात ना? मला सगळे एकदम येतात. काचा वाजतात, कंडक्टरचा तिकिटाचा पंच वाजतो, कोणीतरी खोकतं, कोणाच्या तरी बांगड्या, आणि सगळे सारख्याच जोरात. त्यात वासही तसेच. कोणाचं अंग लागलं की ते लागलेलं उतरतच नाही, दुपारपर्यंत तिथे जळत राहतं.” हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीच्या गजाकडे बघत होती. मला तेव्हा कळलं की ही पोर नखरे करत नाही.

तिने आपले उपाय शोधून काढले होते. खोबरेल तेलात भिजवलेला कापूस कानात, त्यावर स्कार्फ घट्ट. दाढेखाली लवंग, म्हणजे बाकीचे वास मागे राहतात. डबा मांडीवर, दोन्ही तळहात त्याच्या गार स्टीलवर. कपाळ खिडकीच्या गजाला. ड्रायव्हरच्या मागची जागा नको, तिथे इंजिनची धग. मागची नको, तिथे कांद्याची पोती. द्वारका चौकात उतरून पुढचं चालत जायची, मग ऊन असो की पाऊस. नाशिक रोडच्या एका डॉक्टरांनी तिला झोपेच्या गोळ्या दिल्या. टेन्शन आहे म्हणे, लग्न करून टाका. मुडदा बसवला त्या निदानाचा! गोळ्या घेतल्या की पोर उभ्या-उभ्या पेंगायची आणि आवाज आत शिरायचे ते शिरायचेच.

गावात तिला ‘मेंटल’ म्हणत. चिमणाबाईच्या तोंडावर म्हणत. ती बिचारी मेथीच्या जुड्या बांधत खाली मान घालून ऐकून घ्यायची.

अठ्ठ्याण्णव सालच्या नवरात्रात जे झालं ते मात्र माझ्या कोपराच्या बाहेरचं होतं. नाशिक रोडला सप्तशृंगीच्या गडावर निघालेली मंडळी गाडीत चढली. आधीच गाडी खच्चून भरलेली, त्यात ही माणसं, त्यांचं संबळ, त्यांच्या घंटा, परड्या, हळद. उपनगरचा थांबा येईपर्यंत ठीक होतं. मग एकाने संबळावर हात टाकला, बायकांनी घंटा सुरू केल्या, आणि सगळी गाडी आईचा जयजयकार करायला लागली. देवाचं नाव आहे, मी तरी काय बोलणार? मी दीपमालाकडे बघितलं. डबा खाली पडला होता. दोन्ही हात कानांवर, स्कार्फ सुटलेला, केस मोकळे, आणि ती पुढे-मागे झुलत होती. तोंडातून ‘हूंऽऽ हूंऽऽ’ असा आवाज. तो आवाज ती नेहमी काढायची, फार सहन झालं नाही की, बाकीचे आवाज त्याच्याखाली दाबायला. मला ते माहीत होतं. त्यांना कुठून माहीत असणार?

“अगं बया, आई आली! पोरीच्या अंगात आई आली!”

झालं! बाया तिच्यावर तुटून पडल्या. कोणी मळवट भरतंय, कोणी हळद फेकतंय, कोणी पायांवर डोकं ठेवतंय. एक बाई तर तिच्या कानाशी घंटा बडवत होती. आईला आणखी जोर यावा म्हणून! जितके आवाज वाढत गेले तितकी ती जास्त झुलायला लागली, आणि जितकी ती झुलायला लागली तितकी त्यांची खात्री पक्की. “आई, कौल दे! माझ्या पोराचं कधी व्हईल?” मी ओरडत होते, “अहो, तिला त्रास होतोय, लांब व्हा मेल्यांनो!” एका म्हाताऱ्याने माझंच मनगट धरलं. “देवीच्या आड येऊ नको बाई, कोप व्हईल.”

मग दीपमाला किंचाळली, “गप्प बसा!”

आणि अख्खी गाडी गप्प बसली. संबळ थांबलं, घंटा थांबल्या, ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, इंजिनसुद्धा बंद केलं. माणसं हात जोडून जागच्या जागी बसली. कपाळावर, गालांवर कुंकू माखलेली ती पोर माझ्या मांडीत तोंड खुपसून लहान मुलासारखी रडली. इतकी वर्षं ती त्या गाडीतून जात होती, पण गाडी तिच्यासाठी शांत झालेली मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या संध्याकाळी गावात ही बातमी तिच्या आधी पोचलेली. काल तिला मेंटल म्हणणाऱ्या बायका दारात नारळ घेऊन उभ्या. आणि चिमणाबाई? तिला दोष देऊ नका. जन्मभर लेकीपायी खाली घातलेली मान तिला पहिल्यांदा वर करता आली होती. ती माझा हात धरून म्हणाली, “साधना, म्या नवस बोललते गं हिच्या वक्ताला. आईनं आठवण ठेवली. येडी नाय माझी पोर. देवीचं झाड हाय, आई येती तिच्यात.” ती हे अगदी खरं मानून बोलत होती.

दर मंगळवारी संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत माणसं जमायला लागली. घंटा, संबळ, धूप, कापूर, एकाला एक चिकटलेली माणसं. अहो, जी गाडी सोसता सोसत नव्हती, ती आता तिच्या घरातच येऊन उभी राहिली. पूर्वी दिवसभर सोसून संध्याकाळी तरी दार लावून घेता यायचं. सकाळच्या गाडीतही तेच. कोणी जागा द्यायचं, कबूल आहे, पण जागा देणारी प्रत्येक बाई आधी पाय धरायची. त्या स्पर्शाने ती कशी आक्रसायची ते मी शेजारी बसून बघायचे. एकदा माझी ओढणी मुठीत धरून म्हणाली, “ताई, मी देवी नाही. मला फक्त सहन होत नाही. हे मी कोणाला सांगू?”

मी तिला म्हटलंसुद्धा, “अगं, मग देवी म्हणूनच सांग ना! घंटा नकोत, लांबून पाया पडा, असा हुकूम सोड. ऐकतील सगळे.”

“खोटं?” ती म्हणाली. “देवीच्या नावाने?”



मग एक बाई आजारी पोर घेऊन थेट वाचनालयातच गेली. तिच्यामागे आणखी दोघी. पुस्तकांच्या कपाटासमोर नारळ फोडला, आणि दीपमाला टेबलाखाली जाऊन बसली. तिथले मुख्य गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं, की बाई, तुमचं काम चांगलं आहे, पण हे इथे चालणार नाही. पुन्हा असं झालं तर कामावर येऊ नका. ती खोली गेली असती तर त्या पोरीकडे उरलं काय असतं? मंगळवार, आणि बाकीचे दिवस मंगळवाराची भीती.

त्यानंतरच्या मंगळवारी ती मला म्हणाली, “आज मी सगळ्यांना खरं सांगणार. तुम्ही या.” मी गेले. खोली भरलेली. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि हळू, स्पष्ट बोलली. “माझ्या अंगात कोणी येत नाही. मला आवाज सोसत नाहीत. हात लागलेला सोसत नाही. तुम्ही वाजवता म्हणून मी तशी होते. मी हात जोडते, वाजवू नका. वाचनालयात येऊ नका.” आयुष्यात इतक्या माणसांसमोर ती पहिल्यांदा बोलली असेल.

सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग पुढे बसलेली गावातलीच सावित्रीबाई शेजारणीला म्हणाली, “अजून आई आली नाय. ही नुसती पोर बोलती. वाजवा रे.”

आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. कर्म माझं! मी संबळवाल्याची टिपरी ओढली, मला दोघींनी मागे खेचलं. दीपमाला खाली बसली, झुलायला लागली, मग डोकं मागे भिंतीवर आपटायला लागली. धप्प, धप्प. तिने स्वतःच्या मनगटाला चावा घेतला, रक्त आलं. माणसांनी हात जोडले. ती आईकडे बघत होती. ओठ हलत होते, पण त्या गोंगाटात शब्द कुठला ऐकू यायला!

चिमणाबाई देव्हाऱ्याशी आरतीचं ताट धरून उभी होती. लेकीच्या मनगटाकडे तिने बघितलं. ताट खाली ठेवलं. डोक्यावरचा पदर काढला, अंबाडा सोडला, आणि केस तोंडावर घेऊन असा हुंकार दिला की वाजवणाऱ्याचे हात जागीच राहिले.

“पोरीला सोडलं म्या!” चिमणाबाई घुमत म्हणाली. “लय लहान हाय ती. तिला शिवायचं नाय. तिच्या कानापाशी वाजवायचं नाय. तिच्या कामावर जायचं नाय. जाईल त्याचं वाटोळं व्हईल! आता म्या ह्या म्हातारीत राहीन. ह्या घरात नाय, शिवेवरच्या देवळात या!”

माणसं गर्रकन तिच्याकडे वळली. हळद-कुंकू तिच्यावर. मी घुमणाऱ्या बायका पुष्कळ बघितल्यात, त्यांची नजर कशावरच नसते. चिमणाबाईचा एक डोळा केसांच्या आडून मागच्या दाराकडे होता. मी दीपमालाला उचललं आणि त्या दारातून मेथीच्या वाफ्यात नेऊन बसवलं. मग त्या सगळ्यांना घेऊन चिमणाबाई घुमत घुमत देवळाकडे निघाली, आणि घर रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी गाडीत दीपमालाला कोणी जागा दिली नाही. एका बाईने कांद्याची पिशवी तिच्या पायावर ठेवली. मी भांडले, कोपर काढलं, खिडकी मिळवली. कपाळ गजाला लावून ती कामावर गेली. त्या वाचनालयात ती अजून आहे, आणि अजूनही रोज ती गाडी तिचा तेवढाच जीव खाते.

चिमणाबाई दर मंगळवारी देवळात घुमते, आणि माणसं पाया पडतात. मी एकदा तिला वाफ्यावर एकटी गाठलं आणि विचारलं, “मावशी, खरं सांगा.” तिने मेथी उपटायची थांबवली नाही. म्हणाली, “तुला ठावं हाय ना, मग कशाला इचारती? आईचं सोंग घेतलं म्या. कोपली तर माझ्यावर कोपू दे.”

दर चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर आईच्या दर्शनाला पायी जाणारी बाई ती. त्या वर्षापासून गेली नाही. बायका बोलवायला येतात, तर गुडघे धरले म्हणते. दिवसभर वाफ्यात उकिडवी बसते, मी रोज बघते. तिचे गुडघे ठणठणीत आहेत.